वजाबाकीतून सापडणाऱ्या लहरी



नववीला ध्वनीचा पाठ शिकवताना मी सहज बोलून गेलो की आपल्या डोक्यावरच्या हवेतसुद्धा लाटा असतात आणि त्यांना गुरुत्व लहरी म्हणतात. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, म्हणजे हिंगोलीला मोजणार आहेत त्याच ना?"

प्रश्न चुकीचा असला तरी मुलगा पेपर वाचतो हे कळलं, त्यामुळे बरं वाटलं. पण हा घोळ आधी निस्तरायला हवा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा उभी राहतेय, ती गुरुत्वीय लहरींसाठी. दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की खुद्द अवकाश-काळात उमटणारी ती थरथर. आज आपण बोलणार आहोत त्या लहरी अगदी घरच्या आहेत. त्या हवेच्या आहेत. डोंगरावरून वारा गेला किंवा मोठा पावसाळी ढग वर उसळला की त्या तयार होतात. नावात 'गुरुत्व' आलं ते एवढ्यासाठीच, की वर ढकललेल्या हवेला खाली ओढायचं काम गुरुत्वाकर्षण करतं. आठवीतलं प्लावक बल आठवा, विषय तिथूनच सुरू होतो.

बाटलीतली लाट

पारदर्शक बाटली घ्या. निम्मी रंगीत पाण्याने आणि निम्मी गोडेतेलाने भरा. हवा राहू न देता झाकण घट्ट लावा, बाटली आडवी धरून हळूच कलवा. तेल आणि पाण्याच्या मधल्या सीमेवर एक संथ लाट निघते. मुलं म्हणतात, "सर, ही स्लो मोशनमध्ये आहे." बरोबर आहे. तेल आणि पाणी यांच्या घनतेत फरक थोडा, म्हणून परत ओढणारं बलही थोडं, म्हणून लाट सावकाश.

वातावरणात अशी एक ठळक सीमा नसते. तिथे उंचीप्रमाणे घनता हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे लाट एकाच पातळीवर अडकून न पडता तिरकी वरवर चढू शकते. स्थितांबरात एखादा हवेचा गोळा वर ढकलून सोडला तर तो साधारण ५ मिनिटांत एकदा वर-खाली होतो. लहरींचा आवर्तकाल यापेक्षा कमी नसतो, जास्त मात्र असू शकतो, अगदी काही तासांपर्यंत.

आता तापमानाकडे या. हवा वर गेली की प्रसरण पावते आणि किलोमीटरमागे सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. स्थितांबरात आजूबाजूची हवा मात्र उंचीबरोबर गरम होत जाते, समजा किलोमीटरमागे २ अंशांनी. म्हणजे १ किमी वर ढकललेला गोळा तिथल्या शेजाऱ्यांपेक्षा जवळजवळ १२ अंशांनी थंड असेल. मग उलटं गणित करा. कुठे तापमान शेजारापेक्षा ३ अंशांनी वेगळं दिसलं, तर तिथली हवा आपल्या मूळ जागेपासून सुमारे २५० मीटर सरकली आहे. अडीचशे मीटर! हवा डोळ्यांना दिसत नाही, पण तापमानाने ती आपलं हलणं सांगून टाकते.

इथे एक जागा अशी आहे जिथे माझा प्रत्येक वर्ग अडखळतो. मुलांना 'गरम हवा वर जाते' हे पाठ असतं, त्यामुळे लहरीतला गरम भाग म्हणजे वर गेलेली हवा असं ती ठोकून देतात. खरं अगदी उलट आहे. इथे हवा गरम आहे म्हणून हललेली नाही, हलली आहे म्हणून गरम किंवा थंड झाली आहे. खाली दाबली गेली ती आकुंचन पावून गरम झाली, वर उचलली गेली ती थंड झाली. हे एकदा फळ्यावर बाणांनी दाखवा, घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

उपग्रहाला काय दिसतं?

उपग्रहाला लहर दिसत नाही. त्याला तापमानही थेट दिसत नाही, त्याला दिसतो प्रकाश, तोही आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश. हवेतला कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास मंद तेजाळत असतो. या वायूचं हवेतलं प्रमाण स्थितांबरात जवळजवळ सगळीकडे सारखं आणि आपल्याला माहीत असलेलं आहे. त्यामुळे एखाद्या ठिकाणचं तेज जास्त आलं तर वायू जास्त असेल ही शंका उरत नाही, तिथली हवा गरम आहे एवढंच उरतं.

बघायच्या पद्धती मुख्यतः दोन. २००१ च्या डिसेंबरमध्ये गेलेल्या टाइम्ड उपग्रहावरचं सेबर हे उपकरण पृथ्वीच्या कडेकडे, आडवं बघतं. आपण डोंगरावर उभं राहून क्षितिजाकडे पाहतो तसं. नजर थोडी वर-खाली केली की वेगवेगळ्या उंचीची हवा समोर येते. २००२ मध्ये गेलेल्या ॲक्वा उपग्रहावरचं एअर्स हे उपकरण सरळ खाली बघतं आणि उपग्रह पुढे सरकत असताना डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखं मोजत जातं. तिसरीही एक युक्ती आहे: जीपीएस उपग्रहाचा रेडिओ संदेश वातावरणातून जाताना किती वाकला यावरून तापमान काढायचं. तैवान आणि अमेरिकेने २००६ मध्ये सोडलेले कॉस्मिकचे सहा छोटे उपग्रह हे काम करत. यातलं काहीही वापरा, हातात शेवटी येते ती उंची आणि तापमान यांची यादी. त्यात 'ही बघा लहर' असं कुठेही लिहिलेलं नसतं.

आता वही काढा

खालची यादी मी सरावासाठी तयार केली आहे, खऱ्या उपग्रहाची नाही. मुद्दाम सोपी ठेवली आहे. उंची किलोमीटरमध्ये, तापमान केल्व्हिनमध्ये.

३० किमीला २२६, ३२ ला २३३, ३४ ला २३४, ३६ ला २३५, ३८ ला २४२, ४० ला २४९, ४२ ला २५०, ४४ ला २५१, ४६ ला २५८.

मुलांना विचारा, लहर कुठे आहे? बहुतेक जण म्हणतील, लहर नाहीच, तापमान सारखं वाढतंय. बरोबरच आहे. लहर त्या वाढीच्या आत दडली आहे. कोकणात जेटीच्या खांबावर पाण्याची पातळी दर मिनिटाला लिहीत बसलात तर लाटा आणि भरती दोन्ही एकाच आकड्यात मिसळून येतील. लाटा हव्या असतील तर भरती वजा करावी लागेल. हवेतल्या 'भरती'ला आपण पार्श्वभूमी म्हणू. लहर म्हणजे मोजलेलं तापमान वजा पार्श्वभूमीचं तापमान.

वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही येते. खरा प्रश्न, काय वजा करायचं? वर्गाचे तीन गट करा आणि तिघांना तीन वेगवेगळ्या पार्श्वभूमी द्या.

पहिला गट सगळ्या नऊ आकड्यांची सरासरी काढेल. ती येते २४२. वजा केल्यावर उरतं उणे १६, उणे ९, उणे ८, उणे ७, शून्य, ७, ८, ९, १६. यात लहर कुठेच नाही, नुसता चढ आहे. पार्श्वभूमी फारच ताठ धरली.

दुसरा गट पहिला आणि शेवटचा बिंदू सरळ रेषेने जोडेल. १६ किमीत ३२ अंश, म्हणजे किलोमीटरमागे २. त्या रेषेवरचे आकडे २२६, २३०, २३४, २३८... हे वजा केले की उरतं शून्य, ३, शून्य, उणे ३, शून्य, ३, शून्य, उणे ३, शून्य. आली की लहर! ८ किमी उभी तरंगलांबी, ३ अंश आयाम. या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासाठी हा तास घ्यावा.

तिसरा गट प्रत्येक बिंदूसाठी तो बिंदू आणि त्याचे दोन शेजारी अशी तिघांची सरासरी ही पार्श्वभूमी धरेल. ३२ किमीला २२६, २३३, २३४ यांची सरासरी २३१, म्हणून विचलन २. ३४ ला शून्य. ३६ ला सरासरी २३७, विचलन उणे २. लहर दिसली, तरंगलांबीही बरोबर आली, पण आयाम ३ च्या जागी २. एक तृतीयांश लहर गेली कुठे? ती पार्श्वभूमीत गेली. पार्श्वभूमी इतकी लवचिक होती की ती लहरीच्याच मागे मागे वळत गेली आणि तिचा एक घास खाऊन बसली.

पहिल्या गटाची चूक लगेच दिसते, म्हणून ती कमी घातक. तिसऱ्या गटाचं उत्तर दिसायला सुंदर आहे आणि तरीही चुकीचं आहे. पेपर तपासताना आपणही अशा उत्तराला पूर्ण गुण देऊन टाकू.

चूक एवढ्यावर थांबत नाही. लहरीची ताकद सांगताना शास्त्रज्ञ तिची प्रति किलो स्थितिज ऊर्जा काढतात. कृती अशी: गुरुत्वत्वरणाला हवेच्या स्वाभाविक दोलनाच्या वारंवारतेने भागा आणि त्याचा वर्ग करा. तापमानातलं विचलन भागिले पार्श्वभूमीचं तापमान, याच्या वर्गांची सरासरी काढा. दोन्ही गुणा आणि निम्मं करा. स्थितांबरात ती वारंवारता ढोबळमानाने सेकंदाला ०.०२ रेडियन, म्हणून ९.८ भागिले ०.०२ म्हणजे ४९०. पार्श्वभूमी सगळीकडे २४२ धरू. दुसऱ्या गटाची ऊर्जा येते किलोमागे सुमारे ९.२ ज्यूल. तिसऱ्या गटाची सुमारे ४.१ ज्यूल. आयामात तिसरा हिस्सा हरवला, ऊर्जेत निम्म्याहून जास्त. विचलनाचा वर्ग होतो ना, त्यामुळे वजाबाकीतली चूकही वर्ग होऊन अंगावर येते.

खऱ्या माहितीत काय करतात?

खऱ्या वातावरणात पार्श्वभूमी सरळ रेषा नसते. पृथ्वीला वळसा घालणाऱ्या प्रचंड लाटा असतात, एका अक्षवृत्तावर एक, दोन, तीन अशा मावणाऱ्या. शिवाय सूर्याच्या उष्णतेने रोज येणारी हवेची भरती-ओहोटी असते. त्यामुळे सेबरसारख्या उपकरणाची माहिती वापरताना एका अक्षवृत्तावरची, एका उंचीवरची सगळी तापमानं घेतात, त्यांत या मोठ्या लाटा बसवतात आणि त्या वजा करतात. किती लाटा वजा करायच्या? कोणी चारपर्यंत जातं, कोणी सहापर्यंत. एअर्सच्या बाबतीत झाडूच्या प्रत्येक आडव्या फटकाऱ्यात एक गुळगुळीत वक्र, बहुधा चौथ्या घाताचा, बसवून तो वजा करतात. प्रत्येक निवडीत तिसऱ्या गटाचा धोका आहेच. म्हणून दोन शोधनिबंधांतले लहरींचे आकडे शेजारी ठेवायचे असतील तर आधी दोघांनी काय वजा केलं ते बघावं लागतं.

दुसरी अडचण उपकरणाच्याच स्वभावात आहे. घरात रव्याची चाळण वेगळी आणि गव्हाची वेगळी असते. सेबर आडवं बघतं, त्यामुळे उंचीचा बारीक तपशील त्याला छान दिसतो, काही किलोमीटरची उभी तरंगलांबीसुद्धा. पण त्याची नजर शेकडो किलोमीटर हवेतून आरपार जाते, म्हणून आडव्या दिशेने आखूड असलेल्या लहरींचे उंचवटे आणि खळगे एकमेकांत मिटून जातात. एअर्स खाली बघतं. त्याचा जमिनीवरचा ठिपका सुमारे १३.५ किमीचा, म्हणून आडव्या आखूड लहरी त्याला झकास दिसतात. पण उभ्या दिशेने त्याला हवेचा जाड थर एकत्रच दिसतो, त्यामुळे साधारण १२ किमीपेक्षा कमी उभी तरंगलांबी त्याच्या हाती जवळजवळ लागत नाही.

आता आपली वहीतली लहर आठवा. तिची उभी तरंगलांबी ८ किमी. कोणत्याही चार सलग विचलनांची बेरीज करा, शून्य! जाड थराने बघणाऱ्याला तिथे काहीच नाही असं वाटेल. एक उपकरण 'आहे' म्हणतं, दुसरं 'नाही' म्हणतं, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी?

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे चला. अँडीज पर्वत तिथे समुद्रात उतरतो आणि पलीकडे अंटार्क्टिकाचं द्वीपकल्प आहे. हिवाळ्यात तिथे पश्चिमेचे जोरदार वारे या डोंगरांवर आदळतात. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये अटलांटिस अवकाशयानातून नेलेल्या क्रिस्टा या उपकरणाने तापमान मोजलं. पुढे त्याच मोजणीतून दक्षिण अँडीजवर स्थितांबरापर्यंत चढलेल्या डोंगरी लहरी ओळखल्या गेल्या. नंतरच्या उपग्रहांनी हा पट्टा जगातल्या सगळ्यांत जोरदार लहरींच्या जागांपैकी एक असल्याचं दाखवलं.

त्याच समुद्रात पूर्वेला साउथ जॉर्जिया नावाचं बेट आहे. लांबी दीडशे किलोमीटरहून थोडी जास्त, रुंदी जेमतेम तीस-पस्तीस, शिखर सुमारे २,९०० मीटर. या बेटाने उठवलेल्या लहरी एअर्सला ४० किमी उंचीवर स्पष्ट दिसल्या, बोटीमागे पाण्यात पसरणाऱ्या लाटांसारख्या. पण हवामानाचं भविष्य सांगणाऱ्या संगणकीय प्रारूपांमध्ये पृथ्वी चौकोनांत विभागलेली असते आणि अनेक प्रारूपांत एक चौकोन शंभर किलोमीटरच्या आसपासचा. त्या चौकोनात हे बेट विरघळून जातं. बेट नाही, म्हणून लहर नाही.

लहर नसली तर बिघडतं ते असं. हवा विरळ होत जाते तसा लहरीचा आयाम वाढत जातो, शेवटी ती किनाऱ्यावरच्या लाटेसारखी फुटते आणि आपला संवेग तिथल्या वाऱ्याला देऊन त्याला ब्रेक लावते. हा ब्रेक प्रारूपात कमी पडला की दक्षिण ध्रुवाभोवतीचा वारा फार वेगाने आणि फार दिवस फिरत राहतो, ध्रुवावरची हवा प्रत्यक्षापेक्षा थंड राहते. ६० अंश दक्षिणेच्या आसपास लहरींचा हा ब्रेक कमी पडतो, हे 'थंड ध्रुवा'च्या दोषाचं एक मोठं कारण मानलं जातं. थंडी जास्त म्हणजे प्रारूपातलं ओझोनचं छिद्रही प्रत्यक्षापेक्षा उशिरा भरतं.

शिवाय लहर स्वतःही थंडी घालते. ध्रुवीय स्थितांबरात तापमान साधारण १९५ केल्व्हिनच्या खाली गेलं की विशिष्ट ढग बनतात आणि त्यांच्या कणांवर क्लोरीन ओझोन खायला मोकळा होतो. पार्श्वभूमी १९८ असेल तर ढग नाही. पण त्यात ५ अंश आयामाची लहर आली तर तिच्या वर उचललेल्या भागात तापमान १९३ होतं. तिसऱ्या गटाच्या पद्धतीने याच लहरीचा आयाम तीन-साडेतीन भरेल, म्हणजे ढग होणार की नाही हे अगदी काठावर येईल. वहीतली ती वजाबाकी इथे येऊन भिडते.

आणखी एक गंमत सांगतो, ही मुलांना फार आवडते. वातावरणातली सगळ्यांत थंड जागा कुठे? उन्हाळ्यात ध्रुवावर, सुमारे ८५ ते ९० किमी उंचीवर, जिथे चोवीस तास ऊन असतं! तापमान उणे १३० ते उणे १४० अंश सेल्सिअस. खालून येऊन तिथे फुटणाऱ्या लहरी वाऱ्याला अडवतात, त्यामुळे उन्हाळी ध्रुवावरची हवा वर ओढली जाते आणि प्रसरण पावून थंड होते. बाटलीतल्या संथ लाटेचेच हे भाऊबंद.

आपल्याकडेही हे काम चालतं. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथून रात्रीच्या आकाशाचा मंद उजेड कॅमेऱ्याने टिपून ८५ ते १०० किमी उंचीवरून जाणाऱ्या लहरींचे पट्टे अभ्यासले गेले आहेत. आंध्रात तिरुपतीजवळ गादंकीला त्यासाठी मोठा रडार आहे. म्हणजे सातारा-कोल्हापूरकडच्या मुलांना 'हे सगळं परदेशात होतं' असं म्हणायची सोय नाही.

तासाच्या शेवटी मी यादीत थोडा बदल करून देतो. ३८ किमीचा आकडा २४२ ऐवजी २४४ करतो आणि सांगतो, उपकरणाची मोजणी २ अंशांनी चुकू शकते. मग तिन्ही गटांनी पुन्हा वजाबाकी करायची आणि ३८ किमीवर जे उरलं ती लहर की उपकरणाची चूक, ते कारणासह लिहायचं. तिसऱ्या गटाला एक जादा काम: ३६ आणि ४० किमीचे आपले आधीचे आकडे, त्या ठिकाणी तापमानाला हातही लावलेला नसताना, का बदलले ते शोधायचं. गेल्या वेळी या प्रश्नावर तास संपल्याची घंटा झाली तरी दोन बाकं उठली नव्हती.